सृष्टीतील क्रूरता व देवाची दया

शास्त्रपाठ : ईयोब, अध्याय ३८ व ३९; रोमकरांस पत्र, अध्याय ८, ओव्या १८ ते २५.



गतवर्षी पावसाळ्यात आमच्या मंडळीच्या एका वाडीत आठ वर्षांचा एक मुलगा मण्यार चावून मरण पावला. त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मी उपासनेत एकशे चवथ्या स्तोत्रावर उपदेश केला. झरे, कुरणे, पक्ष्यांची घरटी, सूर्य व चंद्र ही सर्व उत्पन्नकर्त्याच्या दयेची साक्ष देतात, असे मी सांगितले. उपासना आटोपल्यावर त्या मुलाची आई दाराशी थांबली होती. ती म्हणाली, "पाळकसाहेब, झरे त्याने केले, घरटी त्याने केली. मग मण्यार कोणी केली?"

मी उत्तर दिले, "बाई, देवाचे विचार अगाध आहेत." तिने मान हलविली व ती निघून गेली. तिचे समाधान झाले नाही हे मला कळले, आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नव्हते. ईश्वरविज्ञानाच्या शाळेत ह्या प्रश्नावर आम्हांस बरेच काही शिकविले होते. परंतु त्या बाईपुढे त्यातील एकही वाक्य माझ्या कामी आले नाही. जे शिक्षक व शुभवार्तिक वाड्यावस्त्यांतून फिरतात, त्यांस हा प्रश्न आज ना उद्या कोणीतरी विचारणारच. म्हणून आपण सर्वांनी मिळून त्याचा शांतपणे विचार करावा, ह्या हेतूने हा पाठ लिहिला आहे.

१. जे आहे ते पाहावे

आपल्या घराच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत किंवा तसबिरीच्या मागे कुंभारीण माशी मातीचे घर बांधिते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ती ओला चिखल तोंडात धरून आणिते व लहानशा गाडग्यासारखी खोली घडविते. मग ती अळ्या धरून आणिते. तिच्या काही जाती कोळी आणितात. ही धरून आणलेली शिकार मेलेली नसते. मेली तर ती कुजेल, म्हणून कुंभारीण दंश करून तिला केवळ बधिर करिते. त्याच खोलीत ती अंडे घालिते व तोंड लिंपून टाकिते. अंड्यातून निघालेले पिलू त्या हलता न येणाऱ्या, पण जिवंत अळ्या ताज्या ताज्या खाऊन वाढते, आणि मातीला भोक पाडून उडून जाते.

ह्या माशीविषयी आपल्या देशात प्राचीन काळापासून एक दृष्टांत चालत आला आहे. भृंगी अळीला कोंडून ठेविते. अळी भयाने रात्रंदिवस तिचेच ध्यान करिते. आणि ध्यान करिता करिता ती स्वतःच भृंगी होऊन बाहेर पडते. भक्तीचा महिमा सांगण्यासाठी साधुसंतांनी हा दृष्टांत योजिला आणि त्यांचा हेतू चांगलाच होता. परंतु मातीचे घर फोडून पाहिले असता निराळेच दिसते. बाहेर पडते ती अळी नव्हे. बाहेर पडते ती अळीला खाणारी.

बंधूंनो, आपण उपदेश करणारे लोकही पुष्कळ वेळा असेच करितो. घर न फोडता गोड अर्थ सांगतो. त्या रविवारी मी तेच केले. एकशे चवथ्या स्तोत्रातून मी झरे व घरटी घेतली. परंतु त्याच स्तोत्रात तरुण सिंह भक्ष्यासाठी गर्जना करितात व आपले अन्न देवापाशी मागतात, ते मी वगळले. त्या बाईने मी वगळलेलेच मला विचारले.

हा प्रश्न नवा नाही, व तो विचारणे म्हणजे अविश्वासही नव्हे. १८०२ साली विल्यम पेली नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने एक ग्रंथ लिहून सृष्टीच्या रचनेवरून उत्पन्नकर्त्याचे शहाणपण व दया सिद्ध करून दाखविण्याचा यत्न केला. चार्ल्स डार्विन हा तरुणपणी धर्मोपदेशक होण्याच्या विचाराने केंब्रिज येथे शिकत असता त्याने पेलीचे ग्रंथ आवडीने वाचिले होते. पुढे १८५१ साली त्याची दहा वर्षांची लाडकी मुलगी आजाराने वारली. १८५९ साली त्याचा जीवजातींच्या उत्पत्तीविषयीचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात त्याने अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे ह्यांस एक पत्र लिहिले. ग्रे हे श्रद्धावान ख्रिस्ती होते. त्या पत्रात डार्विनाने आपली अडचण मांडिली. इकन्यूमन जातीच्या माश्या जिवंत अळीच्या शरीरात अंडी घालितात व त्यांची पिले तिला आतून खातात. दयाळू व सर्वसमर्थ देवाने अशी योजना मुद्दाम केली असेल, असे आपल्याने मानवत नाही, असा त्याच्या लिहिण्याचा आशय होता. परंतु ही बाब मनुष्याच्या बुद्धीच्या आवाक्यापलीकडची आहे, असेही त्याने त्याच पत्रात कबूल केले. ग्रे ह्यांनी जीवजातींविषयी डार्विनाने दाखविलेला पुरावा मान्य केला व आपली श्रद्धाही सोडली नाही. दोघांनी एकमेकांची मैत्रीही सोडली नाही. आपल्या मंडळ्यांत वादविवाद होतात तेव्हा हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

२. तीन उत्तरे पुरी पडत नाहीत

पहिले उत्तर असे की, प्राण्यांनी प्राण्यांस मारणे हे आदामाच्या पापानंतर सुरू झाले. आपल्यातील पुष्कळ भाविक असे मानितात, व त्यांची थट्टा करणे योग्य नव्हे. तथापि खडक निराळी साक्ष देतात. गुजरातेतील खेडा जिल्ह्यात ढोली डुंगरी येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे धनंजय मोहबे ह्यांस महाकाय सरड्यांच्या म्हणजे डायनोसॉरांच्या अंड्यांचे घरटे दगड झालेल्या स्थितीत सापडले. पुढे बारकाईने तपासले असता त्या अंड्यांभोवती वेटोळे घातलेला एक सर्प आढळला व शेजारी नुकतेच बाहेर पडलेले पिलू आढळले. पिलू सुमारे अर्ध्या मीटरचे व सर्प साडेतीन मीटरांचा होता. ही हकीकत २०१० साली प्रसिद्ध झाली. ते घरटे सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचे आहे. आपल्यासारख्या मनुष्याच्या अस्तित्वाच्या खुणा सुमारे तीन लाख वर्षांपलीकडे जात नाहीत. म्हणजे पाप करावयास मनुष्य नव्हता तेव्हाही सर्प पिलांची वाट पाहत बसत होता. मनुष्याच्या पापाने जगात पुष्कळ दुःख आणिले आहे. परंतु त्या सर्पाचा दोष आदामावर घालता येत नाही.

दुसरे उत्तर असे की, ज्याला दुःख भोगावे लागले त्यानेच काही केले असेल. आपले शेजारी ह्याला पूर्वजन्मीचे कर्म म्हणतात. आपण कर्म हा शब्द टाकिला, पण मनातील विचार टाकिला आहे काय? त्या मुलाच्या मातीला जमलेल्यांपैकी एकाने, ह्या घरचे लोक दोन महिने उपासनेस येत नव्हते, असे कुजबुजून म्हटले, ते मी ऐकिले. ईयोबाचे मित्रही असेच बोलले होते, व शेवटी देवाचा कोप त्यांच्यावर झाला, ईयोबावर नव्हे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती, असे प्रभूने स्पष्ट सांगितले. जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारिले तेव्हाही त्याने त्या मनुष्याला किंवा त्याच्या आईबापांना दोष लाविला नाही. ज्या विषयात प्रभूने इतके स्पष्ट सांगितले आहे, त्या विषयात आपण मातीला जाऊन कुजबुजणे हे मोठे पाप आहे.

तिसरे उत्तर असे की, मुक्या जनावरांस दुःख कळतच नाही. अळीला काय वाटते हे सांगणे कठीण आहे; आपल्या वेदनेचे माप तिला लावणे बरोबर होणार नाही. परंतु जूं घासून खांदा सुजलेल्या बैलाला दुःख होत नाही, असे कोणत्या शेतकऱ्याला म्हणता येईल? नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रे शिकवितात. दुःख नसते तर काळजी घेण्याचे कारणच नव्हते.

३. जेवढे सांगता येते तेवढे

आता ज्या माशीने डार्विनाला त्रास दिला, तिच्याच कुळातील एक माशी आपल्या हरभऱ्याच्या शेतात आहे. ती बारीक असते, म्हणून आपले लक्ष जात नाही. काम्पोलेटिस असे तिचे शास्त्रीय नाव आहे. ती कोवळ्या घाटेअळीच्या अंगात अंडे घालिते. अळी मोठी होऊन घाटे पोखरू लागण्यापूर्वीच माशीचे पिलू तिला आतून संपविते व पानावर लहानसा कोश करिते. शेतकरी अविचाराने विषारी औषध फवारितो तेव्हा अळीबरोबर हा राखणदारही मरतो. अळीच्या बाजूने पाहिले तर ही माशी भयंकर आहे. ज्या विधवेचे वर्षाचे धान्य त्या एका पट्टीवर आहे, तिच्या बाजूने पाहिले तर ती देवाने पाठविलेली रखवालदार आहे.

गिधाडाविषयीही तसेच. त्याच्याइतका ओंगळ पक्षी नाही, असे आपण म्हणत असू. १९९० नंतरच्या काही वर्षांत आपल्या देशातील गिधाडांच्या मुख्य जाती शंभरांतून नव्वदांहून अधिक नाहीशा झाल्या. गुरांना वेदनेवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जाऊन त्यांस मारिते, हे २००४ साली उघडकीस आले, व २००६ साली गुरांसाठी त्या औषधाला बंदी झाली. दरम्यान गावोगाव मेलेली जनावरे कुजत पडली व मोकाट कुत्री वाढली. गिधाड गेले तेव्हा ते काय करीत होते, हे आपणांस समजले.

वेदनेविषयीही थोडे सांगितले पाहिजे. तामिळ प्रांतातील डोंगरात १९१४ साली मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले डॉक्टर पॉल ब्रँड हे १९४६ पासून वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात काम करीत होते. कुष्ठरोग्यांची बोटे आपोआप झडतात असा सर्वांचा समज होता. ब्रँड ह्यांनी लक्षपूर्वक पाहून दाखविले की, रोगाने स्पर्शज्ञान गेल्यामुळे रोग्याला भाजलेले, कापलेले, खिळा रुतलेला कळत नाही. आणि न कळलेल्या जखमांनीच हातपाय झिजतात. ज्या वेदनेविरुद्ध आपण कुरकुर करितो, ती शरीराची पहारेकरीण आहे.

ह्या सर्व गोष्टी सत्य आहेत व त्या शिकवाव्या. परंतु त्यांची मर्यादा ओळखावी. येथे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. मण्यार जगात का आहे, हा पहिला. त्याला काही उत्तर आहे: ती उंदीर खाते, इतर सर्प खाते, व सृष्टीच्या मोठ्या घरात तिचेही एक काम आहे. माझाच मुलगा का, हा दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला देणे म्हणजे भुकेल्याला दगड देणे होय. ज्या आईचा पाळणा रिकामा झाला, तिला उंदरांची संख्या सांगू नये.

४. शास्त्र काय दाखविते

ईयोबाने दुसराच प्रश्न विचारिला होता. देवाने वावटळीतून उत्तर दिले ते अडतिसाव्या अध्यायापासून वाचावे. त्यात ईयोबाच्या मुलांच्या मरणाचे कारण कोठेही नाही. उलट देव त्याला सिंहिणीची शिकार दाखवितो, भुकेने ओरडणारी कावळ्याची पिले दाखवितो, वाळूत अंडी टाकून ती पायाखाली चिरडतील हे विसरणारी शहामृगी दाखवितो, आणि रक्त पिणारी गरुडाची पिले दाखवितो. देव मातीचे घर स्वतः फोडून दाखवितो. तो काहीही झाकीत नाही, आणि सिंहीण माझी नव्हे असेही म्हणत नाही. ईयोबाला कारण मिळाले नाही. पण ज्याला तो शोधीत होता तो भेटला, व मित्रांनी त्याच्यावर घातलेला आरोप पुसला गेला.

पौल प्रेषित आणखी एक पाऊल पुढे जातो. सारी सृष्टी कण्हत आहे, असे तो रोमकरांस लिहितो. परंतु ते कण्हणे मरणाऱ्याचे नसून प्रसूतीच्या वेणांचे आहे. म्हणजे सृष्टी जशी आज आहे तशी ती देवाच्या मनातील शेवटची सृष्टी नव्हे. यशया संदेष्ट्याने लांडगा व कोकरू एकत्र राहतील असा जो दिवस पाहिला, तो अजून यावयाचा आहे. म्हणून आजच्या जगातील प्रत्येक गोष्ट चांगलीच आहे असे म्हणण्याची सक्ती ख्रिस्ती मनुष्यावर नाही. त्याला कण्हण्याची परवानगी आहे. आत्माही त्याच्याबरोबर कण्हतो.

मग प्रभूने चिमण्यांविषयी जे सांगितले ते आठवावे. चिमणी पडणारच नाही, असे त्याने सांगितले नाही. ती पडते तेव्हा पित्यावाचून पडत नाही, एवढेच सांगितले. आणि हे सांगणारा स्वतः पडला. ज्याच्या द्वारे सर्व झाले, तो सृष्टीच्या दुःखाकडे दुरून पाहत राहिला नाही. लाजाराच्या कबरेपाशी तो रडला. वधस्तंभावर त्याला तहान लागली, व का, असा प्रश्न त्यानेही मोठ्याने केला. दुःखाचे कारण आपणांस सांगितलेले नाही. परंतु दुःखात देव कोठे असतो हे दाखविले आहे. माझी श्रद्धा सृष्टीच्या सौंदर्यावर उभी असती तर एका मण्यारीने ती पाडिली असती. ती वधस्तंभावर उभी आहे.

५. आपल्याकडे आलेला भाग

येथे मला एक गोष्ट कबूल करावयाची आहे. त्या रात्री मी त्याच वाडीत मुक्कामास होतो. पहाटेच्या सुमारास मुलाच्या पोटात दुखते म्हणून मला बोलाविले. अंगावर सूज नव्हती, रक्त नव्हते, चावल्याची खूण दिसत नव्हती. मी प्रार्थना केली, ओवा देण्यास सांगितले व "उजाडल्यावर पाहू" असे म्हटले. उजाडले तेव्हा त्याच्या पापण्या मिटत होत्या व शब्द अडखळत होते. वाहन मिळून दवाखाना गाठीपर्यंत श्वास थांबला. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही व झोपेत कळतही नाही; रात्री जमिनीवर निजलेल्या मनुष्याच्या पोटात पहाटे दुखू लागते व पापण्या जड होतात, हे मला पुढे समजले. मण्यारीला काय कळत होते? काहीच नाही. ज्याला कळावयास पाहिजे होते तो मी होतो.

म्हणून क्रूरता ह्या शब्दाचा उपयोग आपण जपून करावा. कुंभारीण क्रूर नाही, मण्यार क्रूर नाही. ज्याला निराळे वागता येते व जो वागत नाही, त्याच्याच ठायी क्रूरता संभवते. आपल्या देशात २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली असा विद्वानांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षास सुमारे अठ्ठावन्न हजार. त्यांतील फार मोठा भाग खेड्यांतील आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चारही सर्पांच्या विषावर एकच लस चालते. तेव्हा पावसाळ्यात जमिनीवर निजू नये. खाट असल्यास खाटेवर निजावे व मच्छरदाणी अंथरुणाखाली खोवावी. दंश झाल्याचा संशय जरी आला तरी जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. सरळ दवाखान्यात न्यावे. प्रार्थना अवश्य करावी, पण ती गाडीत बसून करावी.

कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी पुष्कळ लोक, विशेषतः मुले, दगावत. महाड भागात काम करणारे डॉक्टर हिंमतराव बावस्कर रोग्यांच्या उशाशी बसून राहिले, विषाने हृदयावर काय होते ते त्यांनी पाहिले, आणि प्राझोसिन ह्या औषधाने रोगी वाचतात हे १९८६ साली जगापुढे मांडिले. त्यामुळे असंख्य घरांतील रडणे टळले. विंचू आहे तसाच आहे. परंतु एका मनुष्याने पाहण्याचे टाळले नाही. सृष्टीचे कण्हणे ऐकून देव काय करितो असे कोणी विचारिले, तर तो पुष्कळदा अशी माणसे उठवितो, हे उत्तराचा एक भाग म्हणून सांगता येईल.

काही दिवसांनी मी त्या बाईच्या घरी गेलो. मी म्हटले, "बाई, मण्यारही त्यानेच केली. तुमचा मुलगा का गेला, हे मला ठाऊक नाही. त्या रात्री मी उशीर केला, त्याची मला क्षमा करा." ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "साहेब, उशीर मीही केला. मलाही कुठे ठाऊक होते?" आम्ही दोघेही रडलो व मग प्रार्थना केली. यंदा मृग लागण्यापूर्वी ती वाडीतील प्रत्येक घरी जाऊन, मुलांना खाली निजवू नका व पहाटे पोट दुखले तर वाट पाहू नका, असे सांगून आली. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला मिळाले आहे असे मी म्हणत नाही. ती अजूनही कधी कधी विचारते, आणि रविवारी येऊन बसते.

विचारासाठी प्रश्न

१. ईयोबाला देवाने दाखविलेल्या प्राण्यांपैकी कोणते प्राणी आपणांस क्रूर वाटतात? देव त्यांच्याविषयी कसे बोलतो?

२. दुःखात असलेल्या घरी आपण कोणती वाक्ये बोलतो? त्यांपैकी कोणती ईयोबाच्या मित्रांच्या तोंडची आहेत?

३. मण्यार का आहे, व माझाच मुलगा का, ह्या दोन प्रश्नांतील भेद आपल्या शब्दांत सांगा.

४. आपल्या वाडीपासून सर्पदंशाची लस मिळणारा सर्वांत जवळचा दवाखाना कोणता? रात्री तेथे नेण्यास वाहन कोणाचे मिळेल? ह्या प्रश्नाचे उत्तर पुढील रविवारपूर्वी प्रत्येक शिक्षकाने मिळवून मंडळीस सांगावे.